कलम पाच आणि वन्संची अंघोळ

वहिनींनी हात वर केला तो घरी जायची परवानगी मागायला, देशाचं धोरण अडवायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लोकांनी काय वाट्टेल ते उठवलं. कोणी म्हणालं, बाई आतल्या गाठीची, सगळं ठरवून आली होती. कोणी म्हणालं, विरोधकांनी फूस लावली. छे हो! बाईला साडेसहाच्या आत घर गाठायचं होतं, एवढंच.

त्याचं असं झालं. चष्म्याच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे, तिथे पक्षाची शाखा भरते. दुकानदार तेच शाखेचे चिटणीस. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, त्याच्या शेजारी पक्षाचा झेंडा, आणि बारा खुर्च्या, त्यांतल्या एकीची दुसरीशी सोयरीक नाही. वहिनींचा नवरा या शाखेचा जुना सभासद. तो गेल्यावर त्याची खुर्ची ठेवायची की काढायची यावर दोन सभा चर्चा झाली, आणि तिसऱ्या सभेला वहिनी येऊन सरळ तिच्यावर बसल्या. त्याला सहा वर्षं झाली. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले नळवाले आजोबासुद्धा. या सहा वर्षांत वहिनींनी सभेत तोंड उघडलं ते चहा पिण्यापुरतं.

आता या शाखेची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शाखेचा पहिला चिटणीस गवंडी होता. भिंत ओळंब्यात आणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण अक्षरओळख शून्य. वरून आलेली पत्रकं दुसऱ्याने वाचायची आणि त्याने ऐकायची. एकदा न कळता त्याने नुसतीच मान डोलावली आणि मागाहून समजलं की आपल्याच वस्तीतून रस्ता काढायला आपण संमती देऊन बसलो. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि नियम केला. तो शाखेच्या वहीत पहिल्या पानावर आहे. वाचन चालू असताना कोणी तळहात वर केला की वाचणाऱ्याने थांबायचं. त्याला कळेपर्यंत पुढचं वाक्य वाचायचं नाही. आणि 'समजलं' हे ज्याचं त्याने म्हणायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने नाही.

बाकीच्या शाखा या नियमाला हसत. यांच्याकडे देखील तो आता शोभेपुरताच उरला होता. शेवटचा हात अकरा वर्षांपूर्वी वर झाला होता, तोही नळवाल्यांचा, आणि पाण्याच्या धोरणातलं एक वाक्य त्यांना समजावता समजावता तीन आठवडे गेले होते. तेव्हापासून नळवाल्यांनी हात जरा जरी हलवला तरी चिटणीस घाबरून वहीकडे बघत.

तर त्या शनिवारी संध्याकाळी चिटणीस राष्ट्रीय धोरणाचा मसुदा वाचत होते. धोरण चांगलं होतं, वादच नाही. घरी आजारी माणूस असलेल्या कामगाराला पाळीच्या मधोमध दोन तासांची पगारी सुट्टी, रोज. त्याला शुश्रूषा-सवलत असं भारदस्त नाव. पक्ष सत्तेवर होता, त्यामुळे मसुद्याचा कायदा व्हायला फारशी अडचण नव्हती. फक्त पक्षाच्या घटनेप्रमाणे आधी देशभरातल्या दोन हजार एकशे चाळीस शाखांनी तो वाचून कागद परत पाठवायचा. कागदावर छापलेलं होतं, 'वाचला, समजला', आणि त्याखाली 'मान्य' किंवा 'अमान्य' यांतलं एक खोडायचं. बहुतेक शाखा मसुदा न उघडताच सही ठोकून मोकळ्या होत.

चिटणिसांचा आवाज म्हणजे झोपेचं औषध. वहिनींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सहा वाजून दहा मिनिटं. त्यांनी चोरट्यासारखा हात वर केला, म्हणजे आता मी निघू का, असं. चिटणीस थबकले. आयुष्यात कधी हात वर न करणारी बाई, आणि तिचा तळहात वर. त्यांनी चष्मा पुसला, वही ओढली आणि गंभीरपणे विचारलं, कोणतं वाक्य कळलं नाही?

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा माणसं माना वळवून बघत होती. मी ऐकतच नव्हते, असं कसं सांगणार? त्या पुटपुटल्या, "हेच. आत्ताचंच."

चिटणिसांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कलम पाच. ही सवलत कामगारासोबत एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकाच्या शुश्रूषेसाठीच मिळेल.

वहिनींनी ते आता पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांचा वर गेलेला हात तिथेच राहिला.

कारण त्यांच्या घरी आजारी माणूस होतं आणि नव्हतंही. त्यांची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, त्याच मजल्यावर समोरच्या दारात राहत होती. मधे फरशीची चार पावलं. वहिनी त्यांना वन्सं म्हणत. वन्संनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि स्वतःच्या कमाईवर स्वतःच्या नावाचं दार मिळवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती आधीही काही कमी चालत नव्हती. नणंद-भावजयीचं सख्य विळ्याभोपळ्याचं. चादर कशी पसरायची इथपासून देश कसा चालवायचा इथपर्यंत दोघींचं एकमत म्हणून कशावर नाही.

तरी वहिनी सकाळी साडेपाचला समोरचं दार उघडत, त्यांना उठवत, खाऊपिऊ घालत आणि सातच्या पाळीला लाँड्रीत पळत. शहरातल्या तीन इस्पितळांच्या चादरी तिथे धुऊन निघत. संध्याकाळी साडेसहाला वन्संची अंघोळही वहिनीच घालत. दुपारचं सगळं खालच्या मजल्यावरची शेजारीण बघे, वन्संना शौचाला नेणं, चार घास भरवणं. देवमाणूस होती ती. पण तिचा मुलगा तिला आपल्याकडे न्यायला येणार होता, तीन महिन्यांनी. त्यानंतर दुपारी कोण?

वहिनींनी लाँड्रीच्या सुपरवायझरबाईंकडे पदर पसरून झाला होता. दुपारचे दोन तास द्या, पगार कापा. उत्तर आलं, यंत्र तुमच्यासाठी थांबत नाही. नोकरी सोडावी तर खायचं काय, दोन घरांचा गाडा त्यावरच चालत होता. मग उरलं एकच. शहराबाहेर एक शुश्रूषागृह होतं, तिथे वहिनींनी वन्संना न सांगता नाव घालून ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. आणि आता हे धोरण आलं, दुपारचे दोन तास, पगारासकट, अगदी देवाने धाडल्यासारखं. पण चार पावलांनी हुकलं.

त्या एवढंच म्हणाल्या, "एकाच घरात म्हणजे काय? समोरचं दार चालेल का?"

चिटणिसांना सांगता येईना. मास्तरीणबाई म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक सभासद होत्या, त्यांनाही येईना. नियम म्हणजे नियम. वाचन थांबलं, वही बंद झाली, आणि जिल्हा कार्यालयाला पत्र गेलं. वहिनी घरी धावत गेल्या तेव्हा पावणेसात झाले होते आणि वन्संनी उशिराबद्दल त्यांची यथेच्छ हजेरी घेतली.

बुधवारी जिल्ह्याचं उत्तर आलं. कलम पुरेसं स्पष्ट आहे, कृपया पुन्हा वाचावे. शनिवारी पुन्हा वाचलं. पुन्हा हात. मास्तरीणबाई म्हणाल्या की हे उत्तर मी वर्गात कोणाला दिलं असतं तर पालक भांडायला आले असते. दुसरं पत्र गेलं. या खेपेला केंद्रीय कार्यालयातून उत्तर आलं, दोन ओळींचं. एकच घर म्हणजे सरकारी नोंदवहीत एकच घरक्रमांक. समोरचं दार चालणार नाही.

चिटणीस भला माणूस. पत्र सभेत वाचायच्या आधी ते वहिनींच्या घरी गेले आणि दबकत दबकत एक तोड सुचवली. वन्संचं नाव वहिनींच्या घरक्रमांकावर चढवून टाकू. नुसतं कागदोपत्री. माणूस हलायला नको, सामान हलायला नको, भिंतीला कान नसतात. वहिनींना ते पटलं, का नाही पटणार? दोघं समोरच्या दारात गेली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. नोंद बदलली की त्यांचं स्वतःचं घर रिकामं ठरून हातचं जाणार होतं, हे त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी ऐकलेली बाई.

"मी कागदावरसुद्धा तुझ्या घरात राहायची नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटू. माझं दार आहे म्हणून तू रोज माझ्याकडे येतेस. ते गेलं की मी तुझ्याकडे पडलेली असेन."

वहिनींना राग आला, डोळ्यात पाणीही आलं, आणि वन्सं खरं बोलतायत हेही समजलं. तिन्ही एकदम. चिटणीस खाली मान घालून पायऱ्या उतरले. वहिनींनी वन्संच्या पायांवर पांघरूण घातलं, आणि ते कसं घालू नये यावर त्यांना लगेच ऐकून घ्यावं लागलं.

सभेत पत्र वाचलं गेलं. चिटणिसांनी विचारलं, वहिनी, आता समजलं? 'समजलं' म्हटलं की संपलं. बाईला खोटंही बोलता येईना, कारण अर्थ तर कळला होता, शेंबड्या पोरालाही कळला असता. वहिनींच्या डोळ्यांसमोर शुश्रूषागृहाची लांब खोली आली, ओळीने मांडलेल्या खाटा, आणि त्यांतल्या एकीवर वन्सं, कोणाशीही न भांडता पडलेल्या. त्या न भांडणाऱ्या वन्संची त्यांना फार भीती वाटली.

"अर्थ समजला," त्या म्हणाल्या. "का, ते नाही समजलं."

झालं! नियमात कारणाचा समावेश होतो का, यावर तासभर घनघोर चर्चा झाली. नळवाले म्हणाले, गवंड्याला मी ओळखत होतो, तो 'का' विचारल्याशिवाय वीट उचलत नसे. मास्तरीणबाई म्हणाल्या, कारण कळलं नाही तर त्याला घोकंपट्टी म्हणतात, समजणं नव्हे. चिटणीस धर्मसंकटात पडले. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, हात अद्याप वर आहे. वही बंद.

इकडे केंद्रात काय चाललं होतं ते बघा. पुढच्या रविवारी राष्ट्रीय अधिवेशन होतं आणि तिथे पक्षाध्यक्ष जाहीर करणार होते की एकूण एक शाखेने धोरणाला उत्तर दिलं. घटनेप्रमाणे शेवटचा कागद आल्याशिवाय विधेयक पुढे सरकत नव्हतं. दोन हजार एकशे एकोणचाळीस कागद आले होते. उरला होता तो चष्म्याच्या दुकानामागचा. सगळ्यांच्या पायात हा एवढासा खडा.

सोमवारी संध्याकाळी जिल्हाध्यक्ष स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण चार दिवस फोनवर शिव्या खाऊन त्याचा पारा चढलेला होता. बारा जण आधीच जमले होते, तेरावी खुर्ची नव्हती, म्हणून त्यांना डोळे तपासायच्या उंच स्टुलावर बसवलं. तिथून ते सगळ्यांच्या डोक्यावरून बोलू लागले. त्यांनी वहिनींना समजावून सांगितलं की या धोरणाने लाखो लोकांचं भलं होणार आहे, ते एका बाईच्या हट्टापायी रखडतंय. वन्संना घरी आणा, चार पावलं तर आहेत मधे. नसेल पटत तर 'अमान्य' म्हणा, तेही चालेल, पण कागद द्या.

वहिनींना लाखो लोकांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. त्यांना धोरण अमान्य नव्हतंच. त्यांना ते हवं होतं, खोलीतल्या कोणाहूनही जास्त हवं होतं. त्या म्हणाल्या, मान्य आणि अमान्य नंतर, आधी 'समजला' छापलंय, आणि मला समजलेलं नाही. आणि जागेवरून त्या हलल्या नाहीत.

मग जिल्हाध्यक्षांनी मोर्चा चिटणिसांकडे वळवला. सही तुमची लागते, यांची नाही. करा आणि विषय संपवा. चिटणीस हे आयुष्यात कोणाला उलटून न बोललेले गृहस्थ, गिऱ्हाइकाने फ्रेम वाकवून आणली तरी फुकट सरळ करून देणारे. त्यांनी चष्मा काढला आणि बंद वहीवर ठेवला.

"साहेब, वही बंद आहे," ते म्हणाले. "ती उघडायचा अधिकार आत्ता फक्त वहिनींना आहे. माझ्या सहीला इथे काडीची किंमत नाही. तुम्हाला घाई असेल तर ज्याने कलम लिहिलं त्याला विचारा, का लिहिलं. आम्ही दुसरं काही मागत नाही."

जिल्हाध्यक्ष स्टुलावर बसल्या बसल्या लालबुंद झाले. पण करतील काय? त्यांनी फोन काढला, दोन-तीन माणसांमधून वाट काढली आणि मसुदा लिहिणाऱ्या साहेबांना गाठलं. फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पलीकडून एक दमलेला, घाईतला आवाज आला. त्या आवाजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कारण साधं आहे. अट ठेवली नाही तर कोणीही दूरच्या मामाचं नाव सांगून रोज दोन तास घरी जाऊन झोपेल. लबाडी रोखायला काहीतरी मोजमाप हवं, आणि घरक्रमांक नोंदवहीत सापडतो.

खोलीतल्या सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. कारण मिळालं होतं, आणि बिनबुडाचं नव्हतं. लबाडी होते, लाँड्रीतही होते. आता बाई काय बोलणार? नियमाप्रमाणे त्यांना 'समजलं' म्हणायला हवं होतं. त्या खुर्चीतून उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि फोनवर वाकल्या.

"साहेब, कारण समजलं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मोजमापात लबाड सुटेल आणि खरा माणूस अडकेल. माझा दीर माझ्याच घरक्रमांकावर नोंदलेला आहे, पण असतो परगावी. तो आजारी आहे म्हटलं की त्याच्या नावावर मला उद्यापासून सुट्टी मिळेल. आणि जिला मी दोन वर्षं उचलून बसवते तिच्या नावावर मिळणार नाही. तुम्ही दाराला काय विचारता? अंघोळ कोण घालतं ते विचारा. डॉक्टरला विचारा, शेजाऱ्यांना विचारा, तिला स्वतःला विचारा. ती तर खोटं बोलायचीच नाही, माझ्या तोंडावर माझे दोष सांगते."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेबांचा आवाज आला. घाई त्यातून गेली होती.

"परत सांगा," साहेब म्हणाले. "हळू सांगा. मी लिहून घेतोय."

वहिनींनी परत सांगितलं. साहेबांनी विचारलं, अंघोळीला किती वेळ लागतो, भरवायला किती, दोन तास पुरतात का, डॉक्टर महिन्यातून किती वेळा येतो. सहा वर्षं गप्प बसलेली बाई अर्धा तास बोलली, उभ्या उभ्या, हातवारे करत, दुखऱ्या खांद्याखाली हात कसा घालायचा ते जिल्हाध्यक्षांच्याच खांद्यावर दाखवत. तेही निमूटपणे खांदा देऊन बसले. नळवाल्यांनी मधेच ओरडून सांगितलं की न्हाणीघरात धरायला दांडी बसवून देतो, त्याला धोरण लागत नाही.

रविवारचं अधिवेशन पार पडलं, पण एकूण एक शाखेची घोषणा काही झाली नाही. पक्षाध्यक्षांनी सांगितलं की मसुद्यात एक महत्त्वाची सुधारणा होत आहे. आणि दहा दिवसांनी दोन हजार एकशे चाळीस शाखांना नवा मसुदा गेला, नवा कागद जोडून. ज्यांनी पहिला न वाचता सही केली होती त्यांना दुसरा वाचावा लागला, कारण आता सगळ्यांनाच उत्सुकता होती की असं बदललं तरी काय. जिल्हाध्यक्ष तो कागद घेऊन पुन्हा स्वतः आले, आणि या वेळी येताना तेरावी खुर्ची घेऊन आले.

चिटणिसांनी वाचायला सुरुवात केली. आवाज तोच, पण त्या दिवशी कोणाचा डोळा लागला नाही. कलम पाच. नातेवाईक त्याच घरात राहत असो वा नसो, ज्या कामगाराच्या हातून त्याची रोजची शुश्रूषा होते त्या कामगारास ही सवलत मिळेल. शुश्रूषा कोण करतो, हे आजारी व्यक्ती, तिचा डॉक्टर किंवा शेजारी यांच्या सांगण्यावरून ठरेल.

चिटणीस थांबले. वहिनींनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि जेवढ्या मोठ्याने म्हणता येईल तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, समजलं. वही उघडली गेली. मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काही पत्ता नव्हता, पण त्यानेही वाजवली. त्या शाखेचा कागद या खेपेला सगळ्यांत आधी पोचला.

कायदा झाला त्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत पहिली बातमी तीच होती. वन्संच्या टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता. निवेदिकेने कलम पाच वाचून दाखवलं, आणि ते कसं आलं हेही सांगितलं, की एका छोट्या शाखेतल्या सभासद बाईंनी म्हटलं, अंघोळ कोण घालतं ते विचारा. वहिनी दाराशी उभ्या होत्या, हातात टॉवेल. वन्संनी मान वळवली.

"माझ्या अंघोळीची बातमी देशभर केलीस," त्या म्हणाल्या. "लाज कशी वाटली नाही गं तुला?"

आणि त्या हसायला लागल्या. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसणं पुरं होतं. वहिनी पलंगाच्या कडेवर बसून हसल्या, मग रडल्या, मग शुश्रूषागृहात नाव घातल्याचं त्यांनी सांगून टाकलं. वन्सं म्हणाल्या की तुझ्या उशीखालचं तिथलं पत्र मला केव्हाच कळलं होतं. शेजारणीला ते सापडलं, आणि ती तुझ्यासारखी कागद लपवत नाही, वाचून दाखवते. मग त्या दोन्ही गोष्टींवरून भांडण झालं आणि जेवायला उशीर झाला.

कायदा लागू झाला पहिल्या तारखेला. शेजारीण आदल्या दिवशी मुलाकडे गेली होती. लाँड्रीत बारा वाजता रोलर धडधडत होता आणि वहिनी नेहमीप्रमाणे टेबलाच्या एका टोकाला उभ्या होत्या. रोलरमधून गरम चादर निघते, एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, आणि पुढे चालत येऊन घडी एकमेकींच्या हातात द्यायची. दुसऱ्या टोकाला चौदा वर्षं एकच जोडीदारीण होती. यंत्राच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून दोघी एकमेकींना हातांनीच ओळखत. ती डावखुरी आहे, शुक्रवारी दमलेली असते, एवढंच वहिनींना तिच्याबद्दल ठाऊक होतं.

बाराची घंटा झाली. वहिनींनी घडी खाली ठेवली आणि सुपरवायझरबाईंच्या टेबलाकडे निघाल्या. तिथे नवीन रजिस्टर ठेवलेलं होतं. कोरं पान, वर चार रकाने. कामगाराचं नाव, आजारी व्यक्तीचं नाव, डॉक्टरचं किंवा शेजाऱ्याचं नाव, निघायची वेळ. सुपरवायझरबाईंनी पेन पुढे केलं. वहिनींनी दुसऱ्या रकान्यात वन्संचं पूर्ण नाव लिहिलं, ठसठशीत, समोरच्या दारावर आहे तसं. पहिली ओळ त्यांची होती. सगळ्या लाँड्रीत आपण एकट्याच, सगळ्या जणी बघत असतील, असं वाटून त्यांचे कान तापले.

वेळ लिहून त्या वळल्या तर मागे रांग लागली होती. सतरा बायका आणि बॉयलरवरचा एक माणूस. ओले हात पोटाशी पुसत, अॅप्रनच्या गाठी सोडत सगळे उभे होते. एकीची सासू पलीकडच्या इमारतीत होती. बॉयलरवाल्याची बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला. इतकी वर्षं ही सगळी माणसं पाळी संपली की पळत सुटत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच घाई आहे. वहिनींच्या लगेच मागे त्यांची जोडीदारीण होती. तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि वर न बघता म्हणाली, "भाऊ आहे माझा. मागच्या गल्लीत, एकटाच असतो. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं?" वहिनी म्हणाल्या. "आणि मला कधी बोलली नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस."

तिची सही होईपर्यंत वहिनी थांबल्या. मग दोघी मिळून जिना उतरल्या, दोन दोन पायऱ्या एकदम, या वयात. बाहेर लख्ख ऊन होतं. कामाच्या दिवशी भर दुपारचा रस्ता त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. वळणापर्यंत दोघी बरोबर गेल्या आणि सगळ्या रस्त्यात वहिनी एकट्याच बोलत होत्या, खांद्याखाली हात कसा घालायचा, पाणी किती गरम घ्यायचं, आणि आजारी माणूस भांडत असेल तर ते चांगलं लक्षण कसं असतं.